नोकरी सांभाळून एरोस्पेसमध्ये मास्टर्स: विद्यापीठाआधी प्रबंधाचं बघा

तुमचा प्रश्न लांब होता, म्हणून मला तो कसा समजला ते आधी सांगतो. विमानाच्या सांगाड्याचे भाग बनवणाऱ्या पुरवठादार कंपनीत तुम्ही ६ वर्षं स्ट्रेस इंजिनियर आहात, म्हणजे भाग येणारा भार सोसेल का हे हिशेबाने तपासता. वय ३२, घरी लहान मूल. नोकरी न सोडता मास्टर्स करायचंय आणि डोळ्यांसमोर तीन पर्याय आहेत: एरोस्पेस इंजिनियरिंग, सिस्टिम्स इंजिनियरिंग, नाहीतर सरळ एमबीए. ऑनलाइन करावं की आठवडाभराच्या वर्गांना जाऊन, कंपनी फी भरत असेल तर घ्यावी का, आणि आठवड्याचे १० तास काढून हे जमेल का, हे तुम्ही विचारलंय. उशीर झाला का, हेही विचारलंय. नाही झाला. अर्धवेळ वर्गांत तुमच्यापेक्षा मोठी माणसंच जास्त भेटतील.

खरा प्रश्न मात्र मला तुम्ही शेवटी सहज लिहून गेलेल्या ओळीत दिसला. "मॅन्युअल उघडतो, सूत्र शोधतो, मार्जिन काढतो, रिपोर्ट पाठवतो, त्यापलीकडचं कुणी विचारलं की सिनियरकडे जावं लागतं." (मार्जिन म्हणजे येणाऱ्या भारापलीकडे भागात उरलेली राखीव ताकद.) म्हणजे मॅन्युअल जिथे संपतं तिथून पुढे स्वतःच्या हिमतीवर निर्णय घेता यायला हवाय. हेच धरून पुढचं लिहितो. केवळ बढतीच्या अर्जात दाखवायला पदवी हवी असेल तर माझं निम्मं उत्तर तुमच्या कामाचं नाही. तसं असेल तर सोयीचा आणि कमी खर्चाचा अभ्यासक्रम घ्या आणि मोकळे व्हा. त्यात कमीपणा काही नाही, फक्त स्वतःशी तेवढं कबूल करून टाका.

मी स्वतः स्ट्रेस आणि फटीगमधला, फटीग म्हणजे पुन्हापुन्हा भार पडून धातू थकणं. मास्टर्स नोकरीत असतानाच केलं. पुढे हाताखालच्या बऱ्याच जणांचे प्रवेशाचे अर्ज, रजा, फीची मंजुरी आणि प्रबंध यांत मला लक्ष घालावं लागलं, अजूनही लागतं. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय: अर्धवेळ मास्टर्स विषयांच्या अभ्यासात सहसा अडत नाही, प्रबंधात अडतं. विषयांना तारखा असतात, सोबतचे लोक असतात, असाइनमेंट चुकली की कुणीतरी विचारतं. प्रबंधाला विचारणारं कुणी नसतं. त्याला सलग वेळ लागतो, आणि आपल्या धंद्यात तर डेटा लागतो, जो कंपनीचा असतो. सगळे विषय पास होऊन प्रबंधाशी दोन-दोन वर्षं थांबलेली हुशार माणसं मी पाहिली आहेत. म्हणून माझा सल्ला उलट्या क्रमाने चालतो. आधी प्रबंध कशावर करता येईल ते बघायचं, त्यावरून शाखा, त्यावरून विद्यापीठ.

यात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, आणि त्यांच्यामुळे उत्तर फिरू शकतं. तुमचा साहेब कसा आहे, तुमचा प्रोजेक्ट कुठल्या टप्प्यावर आहे आणि तुमचं गणित किती गंजलंय. तिन्हींकडे येतोच.

तासांचा हिशेब सोपा आहे, तो आधी उरकून टाकू. ब्रिटिश पद्धतीत मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं आणि एका क्रेडिटला १० तासांचा अभ्यास धरतात. झाले १,८०० तास. वर्षातले अभ्यासाचे आठवडे ४५ धरले, तर तुमच्या १० तासांत हे ४ वर्षांत होतं. ३ वर्षांत उरकायचं तर आठवड्याला १३ तासांच्या वर जावं लागतं. युरोपातल्या मास्टर्सचं ओझं याहून जास्त भरतं, कारण तिथला एक ईसीटीएस (युरोपातलं क्रेडिट) २५ ते ३० तासांचा आणि पदवी सहसा ९० किंवा १२० ईसीटीएसची. अमेरिकेत साधारण ३० क्रेडिट, म्हणजे ३ क्रेडिटचे १० कोर्स. एका कोर्सला आठवड्याचे ९ तास धरा. सत्राला एक कोर्स आणि वर्षाला दोन सत्रं घेतलीत तर ५ वर्षं. तेव्हा १० तासांत जमेल का, याचं उत्तर "जमेल, पण ४ ते ५ वर्षं लागतील" असं आहे. जाहिरातीत "२ वर्षांत" लिहिलेलं असतं ते वेगळ्या माणसासाठी असतं.

हे १० तास दर आठवड्याला सुखाने हाती येत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. डिझाइन रिव्ह्यू जवळ आला, स्टॅटिक टेस्टमध्ये काही तुटलं, ग्राहकाने लोड बदलून पाठवले, की महिनाभर अभ्यास बंद. आणि आपल्याकडचं वेळापत्रक थोडंथोडकं घसरत नाही. बोईंग ७८७ समारंभाने बाहेर आणलं ते ८ जुलै २००७ ला, आणि पहिलं उड्डाण झालं १५ डिसेंबर २००९ ला. शेवटच्या टप्प्यात, जून २००९ मध्ये, पंख आणि धड जिथे जुळतात त्या भागाला मजबुती द्यायची गरज निघाली आणि उड्डाण पुन्हा पुढे गेलं. त्या जोडावर काम करणाऱ्या एखाद्या इंजिनियरची त्या उन्हाळ्यात परीक्षा असती तर काय झालं असतं, याची कल्पना करा. प्रोजेक्टच्या तक्त्यावरचे शांत महिने बघून कुणी अभ्यासाची आखणी केली की मी त्याला हेच उदाहरण देतो.

म्हणून प्रवेशाआधी माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि विद्यापीठाची नियमावली मागवा. जास्तीत जास्त किती वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते? मध्येच नोंदणी थांबवता येते का, किती काळ, आणि त्या काळात फी लागते का? एखादा विषय हुकला तर तो पुन्हा कधी शिकवतात? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. काही विषय एक वर्षाआड असतात. तुमच्या मुख्य विषयाचा वर्ग आणि सर्टिफिकेशनची टेस्ट एकाच आठवड्यात आली, तर दोन वर्षं थांबावं लागू शकतं. नोंदणी थांबवण्याची सोय नसलेला अभ्यासक्रम नावाने कितीही मोठा असो, आपल्या धंद्यातल्या माणसाने घेऊ नये असं माझं मत आहे.

आता शाखा. तुमच्या कामातलंच एक उदाहरण घेऊ. फ्युजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, कातडीचे दोन पत्रे एकमेकांवर चढवून रिव्हेटच्या ओळींनी जोडलेला लॅप जॉइंट. तुम्ही रिव्हेटचं शिअर तपासता, पत्र्याचं बेअरिंग तपासता, भोकांमधून उरलेल्या पत्र्यातला ताण तपासता. मार्जिन शून्याच्या वर आलं की रिपोर्ट पुढे. २८ एप्रिल १९८८ ला अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं पुढच्या भागातलं छत उडताना निघून गेलं आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला, ते याच प्रकारच्या जॉइंटमुळे. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती. पत्र्यांमधला चिकट थर सुटला होता, त्यामुळे सगळा भार रिव्हेटवर आला. काउंटरसिंक (रिव्हेटचं डोकं आत बसावं म्हणून वर रुंद केलेल्या) भोकांच्या धारदार कडेपासून एका ओळीतल्या बऱ्याच भोकांत बारीक क्रॅक निघाले. एकेकटा क्रॅक लहानच होता. ते एकमेकांना मिळाले तेव्हा घात झाला. स्टॅटिक, म्हणजे एकदाच पडणाऱ्या भारावर काढलेल्या, मार्जिनच्या तक्त्यात यातलं काहीही दिसत नाही. मोठ्या विमानांच्या नियमांत १९७८ पासून डॅमेज टॉलरन्स आहे, म्हणजे क्रॅक असला तरी तो तपासणीत सापडेपर्यंत सांगाडा टिकला पाहिजे. तरी अशा ठिकठिकाणच्या क्रॅकसाठी अमेरिकेत स्वतंत्र नियम यायला २०१० उजाडलं. तेव्हापासून मोठ्या प्रवासी विमानांना सांगाड्याच्या वयाची मर्यादा जाहीर करावी लागते.

मॅन्युअल संपतं ते इथे. क्रॅकच्या टोकाशी ताण किती तीव्र होतो, तो दर फेरीला (एक उड्डाण ही एक फेरी धरा) किती वर-खाली होतो आणि त्याने क्रॅक किती पुढे सरकतो, हे पॅरिसच्या नियमाने काढतात. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंसाठी त्यातला घातांक साधारण ३ ते ४ असतो. ३ धरा. ताण १० टक्क्यांनी वाढला तर क्रॅक वाढण्याचा वेग ३३ टक्क्यांनी वाढतो, आणि तपासणीसाठी हाती असलेल्या फेऱ्या सुमारे पाव भागाने कमी होतात. एखाद्या दुरुस्तीत डबलर (वरून जोडलेला मजबुतीचा पत्रा) लावल्यामुळे शेवटच्या रिव्हेट ओळीवर १० टक्के जास्त भार येतोय हे दिसलं, तर "मार्जिन अजून आहे" एवढं म्हणून भागणार नाही, तपासणीचा काळ बदलावा लागेल, हे तुम्हाला सिनियरला न विचारता कळायला हवं. तुम्हाला जे हवंय ते हेच असेल, तर शाखा ठरली: स्ट्रक्चर्स, त्यातही फटीग, फ्रॅक्चर आणि कॉम्पोझिट्स.

मात्र "एरोस्पेस इंजिनियरिंग" या नावाखाली बऱ्याच ठिकाणी मेकॅनिकलमधून आलेल्या नवख्यांना या क्षेत्रात आणण्यासाठी बेतलेला अभ्यासक्रम असतो. थोडं एरोडायनॅमिक्स, थोडं प्रोपल्शन, थोडं कंट्रोल. तुमच्या ६ वर्षांना त्यात नवं फारसं मिळणार नाही. प्रत्येक विषयाचा मागचा प्रश्नसंच किंवा असाइनमेंट मागून घ्या. ती आजच सोडवता येत असेल तर त्या विषयाला पैसे कशाला द्यायचे? पहिला प्रश्न वाचूनच घाम फुटला तर विषय तुमच्यासाठी आहे.

सिस्टिम्स इंजिनियरिंग चांगलं आहे, पण ज्यांचं आजचं काम विभागांच्या सीमेवर आहे त्यांच्यासाठी: रिक्वायरमेंट्स, सेफ्टी असेसमेंट, एआरपी ४७५४ या विमान-प्रणालींच्या विकासाच्या मानकाची कागदपत्रं, सॉफ्टवेअर असेल तर त्याचं मानक डीओ-१७८सी. तो अनुभव नसताना घेतलं तर सगळं बरोबर वाटतं आणि काहीच हाताला लागत नाही. एमबीए हाताखाली माणसं आणि बजेट आल्यावर बघा, तोवर थांबलेलं बरं. चौथा पर्याय तुमच्या यादीत नाही, तो म्हणजे एअरवर्दीनेस, विमान उडायला सुरक्षित आहे हे ठरवणारं आणि टिकवणारं काम. दुरुस्त्या, मॉडिफिकेशन्स आणि नियामकाशी चर्चा यांत रस असेल तर त्याचा जरूर विचार करा. यातला अभ्यास आणि रोजची नोकरी एकमेकांना सगळ्यात जवळ असतात.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. मास्टर्समुळे सहीचा अधिकार मिळत नाही. रिपोर्ट मंजूर करण्याचा अधिकार कंपनी किंवा नियामक देतो, तो अनुभव आणि तुमचा निवाडा बघून. पदवीने मुलाखतीतला तुमचा शब्द वजनदार होतो, पण सहीची जागा ती भरत नाही.

आता प्रबंध. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

सगळ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो कंपनीतलाच प्रश्न घेण्याचा. काम आणि अभ्यास एकाच दगडात. कधीकधी ते फार छान जमतं. पण कंपनीची भूमिती, लोड, मटेरियलचे आकडे हे सगळं गोपनीय असतं, आणि तुम्ही पुरवठादार असलात तर ते बहुधा तुमच्या कंपनीचंसुद्धा नसतं, विमान बनवणाऱ्याचं असतं. म्हणजे परवानगी दोन दारांवरून आणायची. त्यात निर्यात नियंत्रणाचे कायदे येतात. आयटार या अमेरिकेच्या संरक्षण-निर्यात नियमांच्या कक्षेतली तांत्रिक माहिती परदेशी नागरिकाला दाखवणं ही निर्यातच मानली जाते, मग तो माणूस त्याच वर्गात शेजारी बसलेला का असेना. विद्यापीठाच्या सर्व्हरवर फाइल चढवणं, ग्रुप प्रोजेक्टमध्ये मॉडेल वाटणं, गाईडला ईमेलने मॉडेलची जाळी (मेश) पाठवणं, यातलं काहीही अडचणीत आणू शकतं. "नावं आणि आकडे काढून टाकतो" एवढ्याने भागेल असं धरू नका. ते ठरवण्याचा अधिकार तुमचा नाही, कंपनीतल्या निर्यात नियंत्रण बघणाऱ्या माणसाचा आहे. त्याला प्रवेश घेण्याआधी भेटा. एक पानाचं टिपण न्या: कुठला प्रश्न, कुठला डेटा, तो कुठे साठवणार, कोण बघणार, प्रबंध ग्रंथालयात उघडा राहणार की काही वर्षं बंद. बऱ्याच विद्यापीठांत प्रबंध ठरावीक काळ बंद ठेवता येतो, पण परीक्षकाला तो दाखवावाच लागतो, हे त्या टिपणात लिहा.

माझा कल मात्र उघड्या डेटाकडे आहे. प्रश्न कामावरचा घ्या, डेटा जगाचा घ्या. एरोडायनॅमिक्सवाल्यांना यात चंगळ आहे: नासाचं कॉमन रिसर्च मॉडेल आणि ओनेरा एम६ पंख हे उघडे नमुने, एक्सफॉइल, एसयू२, ओपनफोम ही मोफत सॉफ्टवेअर. इंजिनाच्या देखभालीत काम करणाऱ्यांना नासाचा सी-मॅप्स डेटा आहे, त्यात टर्बोफॅन झिजत जाण्याच्या सिम्युलेशनचे आकडे आहेत. तुमच्यासाठी कॉमन रिसर्च मॉडेलवरूनच तयार झालेला यूसीआरएम हा पंखाच्या पेटीचा उघडा नमुना आहे. धातूंच्या गुणधर्मांसाठी २००३ चं मिल-हँडबुक-५जे मोफत मिळतं, आणि लॅप जॉइंटच्या चाचण्यांचे एफएए (अमेरिकेचा विमान नियामक) आणि नासाचे जुने अहवाल उघडे आहेत. यांवर काम केलं की परवानगी कुणाची नको, नोकरी बदलली तरी प्रबंध सोबत येतो, आणि दुसऱ्या कुणाला तुमचं उत्तर तपासूनही पाहता येतं. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत तो मोकळेपणाने दाखवता येतो, हाही फायदा लहान नाही.

विषय लहान करायला शिकणं हे यातलं अर्धं काम. माझ्याकडे लोक येतात ते "विमानाच्या सांगाड्यातील फटीगचा अभ्यास" असलं शीर्षक घेऊन. हा विषय झालाच नाही, हे तर ग्रंथालयातलं कपाट झालं. मग आम्ही एकेक थर सोलत जातो. कुठला सांगाडा? फ्युजलाज. त्यात कुठे? लॅप जॉइंट. तिथे काय? शेजारशेजारच्या भोकांतले क्रॅक. त्यांचं काय? ते एकमेकांना केव्हा मिळतात ते. त्यासाठी आज काय वापरतात? स्विफ्टचा निकष, म्हणजे दोन क्रॅकच्या टोकांपुढचे प्लास्टिक झोन (जिथे धातू कायमचा ताणला जातो तो भाग) एकमेकांना टेकले की मधला पत्रा गेला असं धरायचं. तो कुठे कमी पडतो? आता झाला प्रश्न. "छापील चाचण्यांच्या आकड्यांवर स्विफ्टचा निकष लावून बघायचा, फायनाइट एलिमेंटने (भागाचे बारीक तुकडे करून संगणकावर) काढलेल्या उत्तराशी ताडायचा, आणि पत्र्याची जाडी बदलली की फरक कसा बदलतो ते दाखवायचं." ब्रिटिश हिशेबात प्रबंधाला साधारण ६०० तास मिळतात. एवढंच त्यात मावतं, आणि नीट केलं तर तेवढं पुरेसं आहे. शीर्षकात "ऑप्टिमायझेशन" हा शब्द दिसला की मी हटकून विचारतो, काय कमी करायचंय आणि कशाच्या बदल्यात. निम्म्या वेळा तिथेच विषय बदलतो.

विषय असा हातात आला की विद्यापीठ शोधणं सोपं जातं, कारण आता क्रमवारी बघायची नसते, गाईड बघायचा असतो. या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत कोण लिहितंय? त्या प्राध्यापकाला आधीच ईमेल करा. उत्तर आलं का, किती दिवसांनी आलं, त्यात तुमचा प्रश्न वाचल्याची खूण होती का, यावरून पुढच्या ४ वर्षांचा अंदाज येतो. अर्धवेळ विद्यार्थी वर्गात रोज दिसत नाही, म्हणून त्याचा विसर पडतो. ज्यांना विसर पडत नाही असे गाईड थोडे असतात.

इथवरचं आवरून घेतो, म्हणजे धागा सुटायला नको. तुमच्या १० तासांत ४ ते ५ वर्षं धरा. नोंदणी थांबवण्याची सोय आहे का ते बघा. तुमच्या कामासाठी स्ट्रक्चर्स, दुसरा पर्याय एअरवर्दीनेस. विषय उघड्या डेटावरचा आणि लहान. आता उरलं ऑनलाइन की प्रत्यक्ष, पैसे आणि तयारी.

ऑनलाइनच्या बाबतीत पूर्वीसारखी नाकं मुरडायचं कारण राहिलं नाही. पर्ड्यू, जॉर्जिया टेक यांच्यासारख्या नावाजलेल्या संस्था एरोस्पेसचं मास्टर्स ऑनलाइन देतात. दुसरी तऱ्हा क्रॅनफिल्डसारख्या ठिकाणची. १९४६ मध्ये कॉलेज ऑफ एरोनॉटिक्स म्हणून सुरू झालेली ही संस्था मुख्यतः पदव्युत्तर शिक्षण देते. तिथल्या अर्धवेळ अभ्यासक्रमांत एकेक विषय सलग काही दिवसांच्या वर्गात शिकवतात. मग तुम्ही घरी परतता आणि असाइनमेंट लिहिता.

लहान मूल घरात असताना आठवडाभर बाहेर राहणं अवघड, हे मान्य. तरीही जमत असेल तर माझं मत सलग वर्गांच्या बाजूचं आहे, आणि कारण शिक्षकांपेक्षा शेजारी बसलेली माणसं हे आहे. एकजण एअरलाइनच्या देखभाल विभागातला, एक नियामकाकडचा, एक हेलिकॉप्टरवाला. तुम्ही "तपासणीचा काळ ४,००० फेऱ्या" असं फळ्यावर लिहिता आणि एअरलाइनवाला विचारतो, "त्या भोकापर्यंत पोचायला मला आतली सगळी पॅनल्स काढावी लागतील, ती केव्हा काढू?" हा प्रश्न रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानात कुणी विचारत नाही. शिवाय त्या आठवड्यात ऑफिसचा फोन दूर राहतो, घरी बसून शिकताना तो राहत नाही.

ऑनलाइनच घ्यायचं ठरलं तर दोन गोष्टी तपासा. प्रयोगशाळेचं काय? फटीगची चाचणी पडद्यावर बघून शिकता येत नाही, तेव्हा एखादा प्रत्यक्ष लॅबचा आठवडा आहे का ते विचारा. आणि परीक्षा कुठल्या वेळेला? टाइम झोनच्या फरकामुळे पहाटे ३ वाजता उठून परीक्षा देणारे लोक आहेत.

पैशाचं. कंपनी देत असेल तर घ्या, पण बाँडचा, म्हणजे फीच्या बदल्यात कंपनीत ठरावीक काळ थांबण्याच्या कराराचा, कागद नीट वाचा. किती महिने थांबावं लागेल, हे सगळे वाचतात. न वाचलेली कलमं पुढे त्रास देतात. कंपनीनेच तुम्हाला काढलं तर पैसे परत करायचे का? महिने मोजायला सुरुवात पदवी मिळाल्यापासून की प्रत्येक विषयाच्या फीपासून? पहिली पद्धत असेल आणि प्रबंध रेंगाळला, तर बाँडही रेंगाळतो. नापास झालात किंवा मध्येच सोडलंत तर? प्रबंधातून निघालेल्या गोष्टीवर हक्क कुणाचा? हे लेखी घ्या, एचआरच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. एका ठिकाणी, नाव घेत नाही, साहेब बदलला आणि नव्या साहेबाने "असं काही ठरलं होतं हे मला माहीत नाही" म्हणून उरलेली फी थांबवली. विद्यार्थ्याकडे दाखवायला कागद नव्हता.

आणि घासाघीस करायची संधी असेल तर फीपेक्षा वेळ मागा. पूर्ण फी आणि रजा शून्य यापेक्षा निम्मी फी आणि प्रबंधाच्या वेळी सलग ४ आठवड्यांची अभ्यासरजा हा सौदा मला कितीतरी चांगला वाटतो. साहेबाला विचारताना "मला शिकायचंय" असं म्हणू नका. "डॅमेज टॉलरन्सचं जे काम आपण बाहेरून करून घेतो, ते २ वर्षांनी मी इथे करू शकेन" असं म्हणा. रजा मंजूर करणाऱ्याच्या खुर्चीत बसलेलो आहे म्हणून सांगतो, दुसऱ्या वाक्यावर सही पटकन होते.

गणिताची तयारी प्रवेशाआधी करा. पदवी घेतल्याला बरीच वर्षं झाली असतील आणि रोज सॉफ्टवेअरच वापरत असाल तर गंज चढलेला असतोच, त्यात लाज नाही. स्वतःची परीक्षा अशी घ्या: कोरा कागद घेऊन दोन नोडच्या साध्या बार एलिमेंटचं स्टिफनेस मॅट्रिक्स स्वतः काढा. मग बारीक बीमसारखा भाग साध्या आठ नोडच्या घन एलिमेंटने केला तर तो गरजेपेक्षा ताठ का निघतो, हे एखाद्या सहकाऱ्याला समजावून सांगा. दोन्ही जमलं तर निर्धास्त राहा. नाही जमलं तर मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि इलॅस्टिसिटीची मुळं पुन्हा वाचा, मग प्रवेश घ्या. पहिल्या सत्रात गळणारे बहुतेक जण वेळेअभावी गळाल्याचं सांगतात. माझ्या पाहण्यात त्यातल्या बऱ्याच जणांचा वेळ गणित आठवण्यात गेलेला असतो.

तरीही मन कचरत असेल तर सगळ्याची एकदम नोंदणी करायची गरज नाही. ब्रिटिश पद्धतीत ६० क्रेडिटला पीजी सर्टिफिकेट, १२० ला डिप्लोमा आणि १८० ला मास्टर्स अशा पायऱ्या असतात. काही विद्यापीठं एकेक विषय सुटा घेऊ देतात आणि नंतर त्याचे क्रेडिट धरतात. किती वर्षांपर्यंत धरतात, हे मात्र विचारा. फ्रॅक्चर मेकॅनिक्सचा एक विषय सुटा घ्या आणि ऐन कामाच्या हंगामात घ्या, शांत महिन्यांत नको. तेव्हा निभावलं तर पुढचंही निभावेल. निभावलं नाही तर एका विषयाची फी गेली, आणि क्रॅकचं गणित तरी पदरात पडलं.

अर्जातल्या उद्देशपत्राबद्दलही तुम्ही विचारलं होतं. "लहानपणापासून विमानांची आवड" हे वाक्य काढून टाका, ते सगळ्यांच्या अर्जात असतं. पहिल्या परिच्छेदात तुम्ही केलेली एक दुरुस्ती लिहा, गोपनीय काही न सांगता. तिथे मॅन्युअलने कुठपर्यंत साथ दिली आणि कुठे सिनियरला विचारावं लागलं, ते लिहा. दुसऱ्या परिच्छेदात प्रबंधाचा प्रश्न आणि तो कुठल्या उघड्या डेटावर तपासणार ते. शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या माणसापेक्षा तुमचे रिपोर्ट लाल पेनने तपासणाऱ्या त्या सिनियरकडून घ्या.